मॅचचं तिकीट हातात आहे, पण सीमेचं काय? रेल्वेने परदेशात फुटबॉल बघायला जाणाऱ्या कुटुंबांसाठी

रत्नागिरी-रायगडकडची कितीतरी मुस्लिम कुटुंबं आता ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत. मुलं तिथेच जन्मली, तिथेच वाढली, आणि क्रिकेटपेक्षा त्यांचा जीव फुटबॉलवर जास्त. मोहम्मद सलाह, सादियो माने, करीम बेंझेमा ही नावं आपल्या घरांत आता परकी राहिलेली नाहीत. उन्हाळ्यात गावाहून दादा-दादी येतात, मुलं हट्ट धरतात, आणि बेत ठरतो: लंडनहून ट्रेनने पॅरिसला जाऊ, मॅच बघू, परत येऊ. सव्वादोन तासांचा तर प्रवास. मुंबईहून पुण्याला जायलाही बऱ्याचदा जास्त वेळ लागतो!

अडचण इथेच आहे. प्रवास इतका सोपा वाटतो की मध्ये दुसरा देश आहे हे लक्षातच राहत नाही. म्हणून आम्ही हा विषय जरा सविस्तर मांडतो आहोत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: रेल्वेच्या प्रवासात सीमा रुळांवर नसते, ती प्रत्येकाच्या पासपोर्टात असते. एकाच कुटुंबातल्या चार माणसांसाठी ती चार प्रकारची असू शकते.

सीमा स्टेशनातच लागते

ब्रिटन आणि फ्रान्सला जोडणारा समुद्राखालचा बोगदा १९९४ साली सुरू झाला. त्याची लांबी सुमारे ५० किलोमीटर. त्यातून धावणारी युरोस्टार लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनातून सुटते आणि पॅरिसच्या गार द्यु नोर स्टेशनात पोचते. दोन्ही देशांच्या करारानुसार पासपोर्ट तपासणी गाडीत बसण्याआधीच होते. म्हणजे लंडनच्या स्टेशनातच फ्रान्सचे अधिकारी बसलेले असतात. त्यांनी 'नाही' म्हटलं, तर तुम्ही प्लॅटफॉर्मपर्यंतही पोचत नाही. विमानतळासारखंच समजा. गाडी सुटायच्या दहा मिनिटं आधी धावत येऊन चालत नाही, तास-दीड तास हाताशी ठेवावा.

त्यात १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात नवी पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. तिचं नाव एन्ट्री-एक्झिट सिस्टीम. युरोपीय संघाबाहेरच्या प्रवाशाचा फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद होते. १२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फक्त फोटो घेतात. पहिल्या नोंदणीला वेळ लागतो, आणि मॅचच्या दिवशी तर रांग असतेच.

कोणाला काय लागतं?

समजा, घरात चार जण आहेत. मुलाकडे ब्रिटिश पासपोर्ट. आईकडेही ब्रिटिश. अब्बा बरीच वर्षं ब्रिटनमध्ये आहेत, पण पासपोर्ट अजून भारतीय. आणि दादा गावाहून पाहुणे म्हणून आलेले.

मुलाला आणि आईला थोड्या दिवसांसाठी व्हिसा लागत नाही. पण पासपोर्ट युरोपात शिरण्याच्या दिवशी १० वर्षांपेक्षा जुना नको, आणि परत निघण्याच्या दिवसानंतर किमान ३ महिने वैध हवा. मुदत संपायला वेळ आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना हा १० वर्षांचा नियमच आडवा येतो.

अब्बांना शेंगेन व्हिसा हवाच. ब्रिटनमध्ये कायम राहण्याचा परवाना असला तरी तो फ्रान्समध्ये चालत नाही. हा अर्ज ते ब्रिटनमधूनच करू शकतात.

दादांचं मात्र अवघड आहे. शेंगेन व्हिसाचा अर्ज साधारणपणे माणूस जिथे कायदेशीर रहिवासी आहे तिथून करायचा असतो. पाहुणा म्हणून लंडनला आल्यावर तिथून अर्ज घेतला जाईलच, हे गृहीत धरू नका. दादांना न्यायचं असेल तर गावाहून निघण्याआधी, भारतातूनच व्हिसा काढावा. प्रौढांसाठी फी ९० युरो, ६ ते १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ४५ युरो. सोबत किमान ३०,००० युरोचा प्रवास विमाही लागतो.

आता वेळेचं गणित बघा. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. आणि फुटबॉलमध्ये आपली टीम फायनलला पोचली हे कळतं कधी? २०२२ मध्ये लिव्हरपूलने ३ मे रोजी सेमीफायनल जिंकली आणि फायनल होती २८ मे रोजी. मध्ये फक्त २५ दिवस! टीम पोचल्यावर अर्ज करू म्हणणारा भारतीय पासपोर्टवाला नशिबावर बसलेला असतो. ब्रिटिश पासपोर्टवाला त्याच रात्री तिकीट काढून मोकळा होतो. एकाच घरात बाप आणि मुलामध्ये हा फरक असतो, आणि तो मुलाला समजावून सांगावा लागतो.

परतीचीही सीमा असते

जाताना सगळे विचार करतात, येतानाचा कोणी करत नाही. पॅरिसच्या स्टेशनात गाडीत बसण्याआधी ब्रिटनची तपासणी होते. दादांचा ब्रिटनचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे का, त्याची मुदत संपत तर नाही ना, हे निघण्याआधीच बघा. नाहीतर म्हातारा माणूस पॅरिसच्या स्टेशनात अडकायचा आणि घर लंडनमध्ये. अब्बांचा ब्रिटनमधला परवाना आता ऑनलाइन असतो. नवा पासपोर्ट काढला असेल तर त्याचा नंबर त्या खात्यात जोडलेला हवा.

आणखी एक साधी गोष्ट. रात्री ९ वाजताची मॅच संपते तेव्हा लंडनची शेवटची गाडी निघून गेलेली असते. मुक्कामाचा खर्च धरूनच बजेट करा.

जिथे कोणी विचारत नाही, तिथेही सीमा आहे

आता दुसरं उदाहरण घेऊ. ९ जून ते ९ जुलै २०२८ या काळात युरो स्पर्धा ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये होणार आहे. डब्लिनही यजमान शहर आहे. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टहून डब्लिनला एंटरप्राइज नावाची ट्रेन सुमारे दोन तासांत जाते. बेलफास्ट ब्रिटनच्या ताब्यात, डब्लिन वेगळ्या देशात. पण वाटेत ना चौकी, ना शिक्का. ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांना इथे मोकळी ये-जा आहे.

पण ही मोकळीक भारतीय पासपोर्टला लागू नाही. आयर्लंड शेंगेनमध्येही नाही, त्यामुळे फ्रान्सचा व्हिसा इथे उपयोगाचा नाही. ब्रिटनमध्ये नोकरीच्या किंवा कायम वास्तव्याच्या परवान्यावर राहणाऱ्या भारतीयाला आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. पाहुणे म्हणून आलेल्या भारतीयांसाठी दोन्ही देशांची एक संयुक्त योजना आहे, पण व्हिसावर तशी नोंद असेल तरच तिचा फायदा मिळतो. गाडीत कधीकधी अचानक तपासणी होते. 'कोणीच विचारलं नाही' म्हणजे 'परवानगी होती' असं होत नाही. पुढे कधी व्हिसाचा किंवा नागरिकत्वाचा अर्ज करताना हेच अंगाशी येऊ शकतं.

पॅरिस, २८ मे २०२२

कागद पूर्ण झाले म्हणजे काळजी संपली, असंही नाही. लिव्हरपूल आणि रिअल माद्रिदची ती फायनल मुळात रशियात सेंट पीटर्सबर्गला होणार होती. युक्रेनवर हल्ला झाल्यावर ती पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्सला हलवली गेली. तयारीला तीनच महिने मिळाले.

गार द्यु नोरहून स्टेडियमला जायला बी आणि डी अशा दोन लोकल लाइन आहेत, आणि दोन्हींवर स्टेडियमचं स्टेशन अगदी पुढचंच. त्या दिवशी बी लाइनवर संप होता. त्यामुळे गर्दी डी लाइनकडे वळली आणि तिथून येणारे हजारो लोक एका अरुंद वाटेवर अडकले. गेट बंद राहिले. खरं तिकीट असलेले लोकही तासन्‌तास दाबले गेले. त्यांत म्हातारी माणसं होती, मुलं होती. पोलिसांनी अश्रुधूर सोडला. मॅच ३६ मिनिटं उशिरा सुरू झाली. माद्रिद १-० ने जिंकलं, पण त्या रात्रीची आठवण गोलची नाही.

आधी दोष प्रेक्षकांवर आला. उशिरा आले, असं स्टेडियमच्या पडद्यावर झळकलं. ३० ते ४० हजार लोक बनावट तिकिटं घेऊन किंवा तिकिटाशिवाय आले, असं फ्रान्सचे गृहमंत्री म्हणाले. प्रत्यक्षात गेटवर पकडलेली बनावट तिकिटं निघाली २,५८९. फेब्रुवारी २०२३ मध्ये स्वतंत्र चौकशी अहवाल आला. त्याने मुख्य जबाबदारी आयोजक युएफावर ठेवली, पोलिसांच्या नियोजनावरही बोट ठेवलं आणि प्रेक्षकांनी दाखवलेल्या संयमामुळे जीव वाचले असं नमूद केलं. लिव्हरपूलकरांना हा संयम फार महागात शिकावा लागला आहे. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेत त्यांची ९७ माणसं गेली, आणि तेव्हाही आधी दोष त्यांच्यावरच आला होता. शेवटी युएफाने लिव्हरपूलच्या वाट्याच्या तिकिटांचे पैसे परत केले.

बाहेरून आलेल्या गर्दीवर आधी ठपका ठेवायचा आणि चौकशी मागाहून करायची, हे आपल्या वाचकांना नवीन नाही. म्हणून तिकीट, पावत्या, वेळेसकट फोटो जपून ठेवा. खरं सिद्ध करायला तेच कामाला येतात.

बायका-मुलांसाठी, नमाजसाठी

फ्रान्समध्ये हिजाब घालून प्रेक्षक म्हणून बसायला हरकत नाही. मात्र चेहरा झाकणारा नकाब सार्वजनिक जागी चालत नाही. ११ एप्रिल २०११ पासून तो कायदा लागू आहे आणि दंड १५० युरोपर्यंत आहे. स्टेडियम असलेल्या सां-देनी भागात मुस्लिम वस्ती मोठी आहे, हलाल जेवणाची अडचण येत नाही. मे अखेरीस तिथे सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे मगरिबची वेळ मॅचच्या मध्येच येते. प्रवासातल्या नमाजबद्दल आपल्या इमामसाहेबांना आधीच विचारून घ्या.

निघण्याआधी

- प्रत्येकाचा पासपोर्ट आणि व्हिसा वेगवेगळा तपासा, जाताना आणि येताना अशा दोन्ही बाजूंनी.
- व्हिसा लागणाऱ्यांचे अर्ज आधी, मॅचची तिकिटं नंतर.
- मूल दादांसोबत किंवा एकट्या पालकासोबत जात असेल तर आई-वडिलांचं लेखी संमतीपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत सोबत ठेवा.
- मॅचच्या सकाळी लोकलच्या संपाची बातमी बघा, दुसरा रस्ता ठरवून ठेवा.
- चुकामूक झाली तर भेटायची जागा स्टेडियमपासून लांब ठरवा.
- नियम बदलत राहतात. शेवटचा शब्द सरकारी संकेतस्थळाचा, व्हॉट्सअ‍ॅपचा नाही.

आणि दादांचा व्हिसा वेळेत झालाच नाही तर? मग त्यांना शेजारी बसवून घरच्या टीव्हीवर मॅच बघण्यातही कमीपणा नाही. पण तो निर्णय घरात बसून घेतलेला असावा. स्टेशनच्या गेटवर, रडणाऱ्या नातवासमोर तो घ्यायची वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच हे सगळं सांगितलं.