लघवीत रक्त दिसले तर

लघवीतून रक्त गेले, पण दुखले नाही. दोन दिवसांनी रक्त आपोआप थांबले. अशा वेळी अंधेरीतला कामगार काय म्हणतो? "उष्णता झाली असेल." खाडा परवडत नाही आणि सांगायची लाजही वाटते. म्हणून तो गप्प बसतो. खरा धोका इथेच आहे.

आपली लघवी साठते त्या पिशवीला मूत्राशय म्हणतात. तिथे कर्करोग झाला, तर न दुखता रक्त जाणे ही पुष्कळदा पहिली खूण असते. रक्त मुतखड्यानेही जाते. पण कारण कोणते, ते डॉक्टरांनी ठरवावे.

विडी-सिगारेट हे या रोगाचे मोठे कारण. धुरातले विष रक्तात जाते, मूत्रपिंडे ते गाळतात आणि लघवीबरोबर ते पिशवीत तासन्‌तास राहते. रंगाच्या कारखान्यांतली काही रसायनेही असाच रोग करतात. जर्मनीतल्या रेन नावाच्या डॉक्टरांनी हे 1895 साली दाखवले.

या रोगाचा एक प्रकार फार दुर्मिळ आणि फार जहाल आहे. त्याला लहान पेशींचा कर्करोग म्हणतात. मूत्राशयाचा कर्करोग झालेल्या शंभर जणांत तो जेमतेम एखाद्याला होतो. तो लवकर हाडांत, यकृतात पसरतो. म्हणून नुसती गाठ कापून भागत नाही. बहुधा आधी शिरेतून औषधे देतात, मग शस्त्रक्रिया करतात किंवा किरणे देतात. रोगी थोडे, म्हणून डॉक्टरांचा अनुभवही थोडा. फुफ्फुसाच्या तशाच कर्करोगावरची औषधे इथे वापरतात. त्यांतले एक मुख्य औषध मूत्रपिंडांना जड जाते. म्हाताऱ्या माणसाला ते झेपेलच असे नाही.

तेव्हा प्रकार ओळखणे महत्त्वाचे. दुर्बिणीने गाठीचा तुकडा काढून तपासतात. आता आपल्याला वाचता येते. तो कागद जपून ठेवावा आणि विचारावे, "डॉक्टरसाहेब, गाठ कोणत्या प्रकारची? पिशवीच्या स्नायूत शिरली आहे का?"

अंधेरीकरांना महापालिकेचे कूपर रुग्णालय जवळ आहे. परळचे टाटा रुग्णालय 1941 पासून कर्करोगावर उपचार करते. रोग पिशवीतच असताना सापडला, तर आशा अधिक असते. म्हणून आम्ही सांगतो, रक्त एकदाच दिसले, तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. एका दिवसाचा खाडा झाला तरी चालेल.