टर्की उतरल्यावर औषध कशाला?

पहिला आठवडा

गर्द (हेरॉइन) घेणं थांबलं की आठ-बारा तासांत जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, उलट्या-जुलाब आणि अंग पिळवटून टाकणारं दुखणं सुरू होतं. व्यसनी माणसं याला टर्की म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती टोकाला जाते आणि साधारण आठवड्यात ओसरते. रक्तदाबाचं क्लोनिडिन या त्रासात उपयोगी पडतं, हे १९७८ मध्ये दिसून आलं. घाम, धडधड, बेचैनी त्याने कमी होते. तलफ मात्र राहते.

खरा धोका नंतरचा

घरच्यांना वाटतं, सुटला एकदाचा. पण शरीराची सवय मोडलेली असते, आणि अशा वेळी पुन्हा गर्द घेतली तर जुन्याच मात्रेने श्वास बंद पडून माणूस दगावतो. म्हणून टर्की उतरल्यावरही तलफ आवरणारं औषध पुढे चालू ठेवावं लागतं. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. मधुमेह्याच्या इन्सुलिनला कुणी व्यसन म्हणत नाही.

औषधं

मेथाडोन जर्मनीत १९३०च्या दशकाअखेर तयार झालं. न्यूयॉर्कमध्ये डोल आणि नायस्वांडर यांनी १९६५ मध्ये दाखवलं की रोजच्या एका मात्रेवर माणूस कामाधंद्याला लागू शकतो. गर्द मेंदूतल्या ज्या जागा धरतं, त्याच ब्युप्रेनॉर्फिन धरतं, पण अर्धवट काम करतं. ठरावीक मर्यादेपुढे त्याचा अंमल वाढत नाही, त्यामुळे श्वास थांबण्याची भीती कमी. मात्र गर्द अंगात असताना ते दिलं तर टर्की एकदम उसळते. म्हणून डॉक्टर लक्षणं दिसेपर्यंत थांबतात. नाल्ट्रेक्सोन त्या जागा अडवून धरतं. ते द्यायचं शरीर पूर्ण स्वच्छ झाल्यावरच.

महाराष्ट्रात

गर्दच्या लाटेत डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. समुपदेशन आणि घरच्यांचा सहभाग हा तिथल्या उपचाराचा कणा. औषधाला ही जोड हवीच. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार अफूवर्गीय पदार्थांमुळे मदतीची गरज असलेले भारतीय सुमारे ७७ लाख आहेत.

धर्मापुरीहून

गावाकडे गर्दबरोबर वेदनाशामक गोळ्यांकडेही लक्ष हवं. त्यांतलं ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थ कायद्याखाली आहे. धर्मापुरी गावातल्या लोकांनी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग गाठावा, किंवा १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करावा. समोर बसवून रोज ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देण्याची पद्धत मजुराची मजुरी बुडवते. ब्युप्रेनॉर्फिनचं महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालं. त्याची खरी गरज अशा गावांना आहे.