उपेक्षित घोड्याचे पुनर्वसन

मांडवीच्या काठचे आमोणे हे गाव डिचोली तालुक्यात मोडते. शिगम्याच्या दिवसांत या तालुक्यात, तसेच पेडणे व सत्तरी भागांत, घोडेमोडणी रंगते. कमरेला लाकडी घोडा बांधून, हाती तलवार घेऊन वीर ढोलताशांच्या तालावर नाचतात. या घोड्याला चारा लागत नाही, त्याचे खूर वाढत नाहीत, तो म्हातारा होत नाही. जिवंत घोड्याचे तसे नाही. राबणे संपले की त्याचा वाली कोण, हा प्रश्न उरतोच.

मुंबईत हा प्रश्न उघडपणे पुढे आला. जून 2015 मध्ये उच्च न्यायालयाने मौजेखातर चालणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदेशीर ठरविल्या, त्या बंद करण्यास एक वर्षाची मुदत दिली आणि गाडीवान व घोडे या दोघांच्याही पुनर्वसनाचा विचार करण्यास शासनास सांगितले. माणसाचे पुनर्वसन म्हणजे काय, हे आपण जाणतो. घोड्याचे पुनर्वसन म्हणजे काय, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

बरगड्या मोजता येतील असा घोडा दारी आला, की दयाळू मनुष्य प्रथम त्याच्यापुढे हरभऱ्याची चंदी आणि गुळाचा खडा ठेवतो. हीच दया त्याच्या जिवावर बेतू शकते. दीर्घ उपासमारीत शरीर स्वतःचीच चरबी व मांस जाळून जगत असते. अशा वेळी पिष्टमय वा गोड खाद्य एकदम पोटात गेले, म्हणजे रक्तात इन्शुलिन उसळते. त्यासरशी फॉस्फरस, मॅग्नेशियम व पोटॅशियम ही द्रव्ये रक्तातून पेशींत शिरतात आणि रक्तात त्यांचा तुटवडा पडतो. मग हृदय व श्वसन ढासळते, आणि उपासाने न मेलेला घोडा खाणे सुरू झाल्यावर काही दिवसांतच दगावतो.

म्हणून पशुवैद्य थोड्या थोड्या चाऱ्यापासून आरंभ करतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी यासाठी लसूणघास उत्तम ठरविला. पहिले तीन दिवस दर चार तासांनी सुमारे अर्धा किलो, पुढे हळूहळू वाढवीत दहा दिवसांत पोटभर, असा हा क्रम आहे. स्वच्छ पाणी सदैव जवळ हवे. पूर्ववत वजन भरण्यास तीन ते पाच महिने लागतात.

दात आणि खूर यांकडेही तितकेच लक्ष हवे. दाढांच्या कडा धारदार झाल्या, की गाल सोलतात व चारा नीट चावला जात नाही. त्या कानशीने घासून सारख्या कराव्या लागतात. खुराची भिंत महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढते. म्हणून वेडावाकडा वाढलेला खूर नालबंदाने एकाच बैठकीत नव्हे, तर टप्प्याटप्प्याने तासावा. गोव्याच्या पावसाळ्यात ठाण कोरडे राखणे अगत्याचे असते. सतत चिखलात उभ्या राहणाऱ्या जनावराचा खूर तळातून कुजू लागतो.

शरीर सावरले, की मनाकडे वळावे. घोडा हा शिकार होणाऱ्या प्राण्यांपैकी, तेव्हा भय त्याच्या रक्तातच असते. त्याला जवळजवळ चहूंकडचे दिसते. नाकासमोरचे आणि शेपटीमागचे तेवढे दिसत नाही. यास्तव खांद्याच्या बाजूने, आवाज देत जवळ जावे. दोरीला हलका ताण द्यावा आणि त्याने एक पाऊल टाकताच तो तत्काळ सैल करावा. ताण सुटणे हेच त्याचे बक्षीस. ताण कायम ठेवणारा शिक्षक त्याला फक्त ओढाताण शिकवितो. गाडीच्या घोड्याने वर्षानुवर्षे झापडे लावलेली असतात. ती निघाल्यावर मागून येणारी सायकलही त्याला नवी वाटते. पाठ रोज थोडा वेळच घ्यावा आणि घोडा शांत असतानाच संपवावा.

प्रत्येक घोडा पुन्हा स्वारीस लायक होईलच असे नाही. काहींची पाठ वा सांधे कायमचे गेलेले असतात; अशांना केवळ कुरण आणि सोबत पुरेशी असते. विश्वास बसला की नाही, याची एक खूण आहे. घोडा उभ्याने डुलकी घेतो, परंतु गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावे लागते, आणि जिथे धोका वाटतो तिथे तो सहसा आडवा होत नाही. नव्या ठाणावर एके पहाटे तो निश्चिंत पडलेला दिसला, की त्याला घर मिळाले असे समजावे.