शाळा काढली कोणासाठी?

नर्सरीच्या प्रवेशाचे दिवस जवळ आले की अमरावती-अकोल्यात घरोघरी एकच विचारणा सुरू होते : ‘होली क्रॉसला नंबर लागला का?’ विचारणारे हिंदू, बौद्ध, मुसलमान, जैन अशा सगळ्या घरांतले असतात. ख्रिस्ती कुटुंब त्यात एखादेच. 2011च्या जनगणनेत सबंध महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याच्या आतच भरली होती. वऱ्हाडात तर हा समाज मूठभर. पालकांना काय हवे ते पक्के ठाऊक असते : शिस्त, चांगले इंग्रजी आणि दहावीचा खणखणीत निकाल. या शाळा चालवणाऱ्या सिस्टर मुळात इथे आल्या कशासाठी, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. ते विचारले पाहिजे, कारण शाळेची मूल्ये माहितीपत्रकापेक्षा त्या उत्तरात जास्त सापडतात.

गोष्ट सुरू होते आल्प्सच्या पायथ्याशी, सॅव्हॉय प्रांतात. तिथल्या अ‍ॅनेसी शहराजवळ शावानो नावाचे खेडे आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत या भागातली गावगाड्याची घडी विस्कटली होती. पिएर-मारी मेर्मिए हे धर्मगुरू खेडोपाडी फिरून लोकांना पुन्हा उभे करत होते. 1838 मध्ये त्यांनी क्लोदिन एशेर्निए या बाईंच्या साथीने शावानोला क्रॉसच्या भगिनींचा संघ स्थापन केला. खेड्यातल्या मुलींना शिकवायचे आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करायची, हे त्यांचे काम. त्याच वर्षी मेर्मिए यांनी पुरुषांचा संघ काढला, तो सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने. या दुसऱ्या संघाचे लोक 1846 मध्ये विशाखापट्टणमला उतरले आणि पुढे नागपुरापर्यंत पोहोचले. नागपूरची एसएफएस शाळा 1870ची. त्यांच्या मागोमाग 1886 मध्ये शावानोच्या सिस्टर भारतात आल्या, त्या अमरावतीला.

तेव्हाची अमरावती म्हणजे कापसाची मोठी पेठ. बडनेऱ्याहून रेल्वेचा फाटा आलेला, जिनिंग-प्रेसिंगची धुरांडी उभी राहू लागलेली. पैसा होता, पण मुलीला शाळेत घालायची रीत नव्हती. दहा वर्षांतच 1896-97चा दुष्काळ आला आणि त्यापाठोपाठ 1899-1900चा, त्याहून भीषण. परक्या मुलखातून आलेल्या बायकांनी अशा वेळी इथे राहून मुली शिकवायच्या, हे सोपे व्रत नव्हते.

ज्या संताच्या विचारावर ही परंपरा उभी आहे त्या फ्रान्सिस डी सेल्स यांची एक गोष्ट शिक्षकांना सांगण्यासारखी आहे. जिनिव्हाचे बिशप असताना त्यांना मार्तँ नावाचा एक बहिरा तरुण भेटला. त्याला ऐकू येत नाही म्हणून त्याला धर्मशिक्षण देता येणार नाही, असे सगळे धरून चालले होते. बिशपांनी स्वतः हातवाऱ्यांच्या खुणा तयार केल्या आणि त्याला शिकवले. नेहमीच्या रीतीने ज्याला शिकवता येत नाही त्याच्यासाठी शिक्षकाने रीत बदलायची, असा या गोष्टीचा अर्थ मी घेतो. चाळणी परीक्षा घेऊन हुशार मुले निवडणे आणि मग निकालाचा फलक लावणे, हे याच्या अगदी उलटे आहे.

वऱ्हाडाला ही दृष्टी परकी नाही. भांडी विका पण पोरांना शिकवा, असे कीर्तनातून सांगणारे गाडगेबाबा इथलेच. सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढणारे पंजाबराव देशमुखही इथलेच. कोणी येशूच्या नावाने, कोणी बहुजनांच्या नावाने. पण मागच्या बाकावरचे पोर पुढे आले पाहिजे, ही तळमळ एकच होती.

चर्चने हे कागदावर वारंवार लिहिले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी शिक्षणाविषयी जाहीरनामा काढला. गरीब, निराधार आणि अन्य श्रद्धांच्या मुलांची खास काळजी घ्या, असे तो सांगतो. भारतीय बिशपांच्या परिषदेने 2007 मध्ये शिक्षण धोरण ठरवले, त्यातही वंचितांना अग्रक्रम आहे. 2024च्या सूचना आणखी थेट आहेत : इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, शाळेत सर्व धर्मांच्या प्रार्थनेसाठी एक खोली ठेवा, परिपाठात रोज संविधानाची उद्देशिका म्हणा. महाराष्ट्रात उद्देशिकेचे वाचन शाळांमध्ये 26 जानेवारी 2020पासूनच ठरवून दिले आहे. सकाळच्या उन्हात रांगेत उभी असलेली पाचवी-सहावीची मुले ‘दर्जाची व संधीची समानता’ म्हणतात, तेव्हा त्या रांगेत कोण उभे आहे आणि कोण नाही, हा प्रश्न आपोआपच उभा राहतो.

इथे कायदा येतो. शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांना 25 टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांना द्यायला लावल्या. पण राज्यघटनेचे कलम 30 अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवण्याचा हक्क देते, आणि 2014च्या प्रमती निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून पूर्ण वगळले. 1 सप्टेंबर 2025 रोजी महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी त्या निकालावर शंका व्यक्त केली आणि विषय मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. कलम 30 टिकलेच पाहिजे, असे मला ठामपणे वाटते; लहान समाजाला ते संरक्षण हवेच. मात्र सक्ती नाही म्हणून कर्तव्यही नाही, असे शावानोची परंपरा सांगणाऱ्यांना म्हणता येणार नाही.

पैशाची अडचण खरी आहे. विनाअनुदानित शाळेत शिक्षकांचे पगार फीमधूनच निघतात. सिस्टरांनी दारिद्र्याचे व्रत घेतलेले असते, त्यांचा पगार संघाच्या सामाईक खात्यात जातो. पण शिकवणारे बहुसंख्य आता संसारी माणसे आहेत. तरी काही गोष्टी विनाखर्चाच्या असतात. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि फीचा पहिला हप्ता तेव्हाच मागितला जातो. नेमकी पेरणीची वेळ. बियाणे, खत, मजुरी यांत शेतकऱ्याच्या हातातला शेवटचा रुपया गेलेला असतो. त्याच्या घरात पैसा दिसतो तो सीतादहीची पूजा होऊन वेचणी लागल्यावर, कापूस बाजारात गेल्यावर, म्हणजे दिवाळीच्या पुढेमागे. दर्यापूर-अकोटकडच्या कापूसवाल्याची मुलगी शहरातल्या या शाळेत यावी असे खरेच वाटत असेल, तर शेतकरी पालकांचा पहिला हप्ता कार्तिकात घ्यावा. शाळेचे एकूण उत्पन्न त्याने कमी होणार नाही, ते फक्त उशिरा येईल.

दुसरी सूचना फलकाची. दहावीचे गुणवंत फोटोसह प्रवेशद्वारावर झळकतात. त्यांच्याच शेजारी दरवर्षी एवढेच लिहावे : यंदा पूर्ण फीमाफी किती मुलांना, अर्धी किती जणांना, घरात पहिल्यांदाच शाळेत आलेली मुले किती. नावे नकोत, फक्त आकडे. जी शाळा हे काम मुकाट्याने करते आहे तिला ते लिहायला अडचण नाही, आणि जिथे आकडा शून्य असेल तिथे पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत तोच पहिला विषय व्हावा.