नाम आणि नामसाधित विशेषण

नामापासून विशेषण कसे होते, हे शिकविताना 'रंग–रंगीत', 'पाणी–पाणीदार' अशा जोड्या फळ्यावर लिहिल्या जातात व मुले त्या पाठ करतात. पुढे एखादा विद्यार्थी लिहितो, 'आमची विहीर पाणीदार आहे.' शिक्षक ते वाक्य खोडतात. वस्तुतः त्याने शिकविलेला नियमच पाळलेला असतो. उणीव असते ती शिकवणीत.

प्रत्ययामुळे केवळ शब्दाची जात बदलते असे नव्हे, तर अर्थालाही एक वळण लागते. 'पाणी' या नामाचे जल व तेज असे दोन्ही अर्थ होतात. 'पाणीदार' हे विशेषण त्यांपैकी तेज तेवढे उचलते. म्हणून मोती पाणीदार, डोळे पाणीदार. जलाचा अर्थ इतर विशेषणांकडे जातो. ताक 'पाणचट' होते, जमीन 'पाणथळ' असते. त्याचप्रमाणे, पुष्कळ दूध देणारी गाय 'दुधाळ'. परंतु 'दुधी' काचेत दुधाचा थेंबही नसतो, तेथे केवळ रंगाचे साम्य असते.

अर्थाबरोबर भावही बदलतो. 'गाव' या नामात स्तुती नाही, निंदाही नाही. 'गावरान' तूप म्हटले की अस्सलपणा सुचतो; उलट एखाद्याच्या बोलण्याला 'गावठी' म्हटले की कमीपणा येतो. वर्गात ज्या मुलाची बोली 'गावठी' ठरविली जाते, त्याला व्याकरण कळो वा न कळो, ही छटा अचूक कळते आणि तो बोलेनासा होतो. म्हणून हा भेद शिक्षकाने प्रथम स्वतःच्या भाषेत सांभाळणे अगत्याचे आहे.

अध्यापनात विशेषण एकटे न देता विशेष्यासह द्यावे. फळ्यावर नाम, विशेषण व विशेष्य असे तीन रकाने आखावेत आणि तिसरा रकाना मुलांकडून भरून घ्यावा. नंतर विशेष्यांची अदलाबदल करून 'दुधी गाय', 'दुधाळ काच' असे वाचून दाखवावे. मुले हसली म्हणजे भेद कळला असे समजावे. का हसलात, हे मात्र अवश्य विचारावे.

ज्या मुलाच्या घरी गोठा आहे, त्याला 'दुधाळ' शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. तो त्याच्याकडून वदवून घ्यावयाचा असतो. मुलाजवळ असलेल्या शब्दांना वर्गात मान मिळाला, की व्याकरण त्याला परके वाटत नाही.