हरळी निजते, मरत नाही



भाद्रपदात गणपतीसाठी दूर्वा खुडायला गेलात, तर शाळेच्या अंगणातली हरळी कशी लुसलुशीत दिसते! तीच हरळी पौषात पाहावी, तर पिवळी, करडी, पायाखाली कुरकुरणारी. मग कोणी म्हणतो, "गवत मेलं, खरवडून टाका." दुसरा म्हणतो, "युरिया फेका आणि भरपूर पाणी सोडा." तिसरा काहीच न बोलता काडी लावून मोकळा होतो. हे तिन्ही उपाय नुकसानीचे आहेत. हरळी मेलेली नसते, निजलेली असते. आणि निजलेल्याला कसे सांभाळावे, एवढेच आपल्याला शिकायचे आहे.

ती निजते का, हे समजायला दूर जायला नको. एका बांधाला ऊस आणि दुसऱ्या बांधाला गहू असेल, तर डिसेंबरात काय दिसते? थंडी पडली की गहू जोमाने फुटतो आणि उसाची वाढ खुंटते. दोन्ही गवताच्याच कुळातली. पण उसाचा पिंड उष्ण हवेचा, गव्हाचा थंड हवेचा. १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी उसाच्या पानांचा अभ्यास करून दाखवले की, ऊस हवेतला कार्बन वायू एका वेगळ्या रीतीने धरतो. ज्वारी, बाजरी, मका आणि आपली हरळी यांचीही रीत तीच. ही रीत कडक उन्हात फार कामाची. पण थंडीत मात्र मंदावते.

म्हणून हरळीची उत्तम वाढ साधारण २५ ते ३५ अंश उष्णतेत होते. जमीन १५ अंशांच्या आसपास आली की वाढ रेंगाळते, आणि १० अंशांच्या खाली गेली की जवळजवळ थांबते. थंडीत पानांतले हिरवे द्रव्य नव्याने तयार होत नाही आणि असलेले उन्हाने विरून जाते. म्हणून पान पिवळे पडते. उत्तरेत दिल्ली-पंजाबकडे ही झोप गाढ असते. आपल्याकडे निफाड किंवा महाबळेश्वरासारखी थंड ठिकाणे सोडली, तर ती अर्धवट, सावध झोप म्हणावी लागेल. कोकणात समुद्रामुळे थंडी सौम्य. तिथे हरळी पिवळी पडते ती मुख्यतः ओल सरल्यामुळे. देशावर आणि विदर्भात थंडी व कोरड, दोन्ही मिळून तिला निजवतात.

पान वाळते, पण संसार जमिनीखाली शाबूत असतो. शेतकरी ज्यांना काशा म्हणतात, ती हरळीची जमिनीतली खोडे. पावसाळ्यात पानांनी मिळवलेले अन्न पिष्टाच्या रूपाने काशांत साठते. कणगीत धान्य भरून ठेवावे, तसेच हे. फाल्गुनात पहिला कोंब फुटतो तो याच साठ्यावर. आता ध्यानात येईल की, निजलेल्या हरळीची निगा म्हणजे ही कणगी जपणे.

ती जपायची कशी?

पहिली गोष्ट खताची. दसऱ्यानंतर युरिया देऊ नये. उशिरा दिलेल्या नत्राने कोवळी फूट येते, साठा खर्ची पडतो, आणि ती फूट थंडीत करपते.

दुसरी कापणीची. थंडीच्या तोंडावर गवत फार खाली कापू नका. चार-पाच सेंटिमीटर राहू द्या. ही वाळकी पाने काशांवर पांघरुणासारखी असतात.

तिसरी पाण्याची. झोपेत पाणी कमी लागते. मुळीच लागत नाही असे मात्र नाही. खुरप्याने वीतभर माती उकरून पाहा. ओल असेल तर पाणी देऊ नका. माती कोरडी असेल तर सकाळी एकदा चांगले भिजवा. काळ्या जमिनीत ओल बरेच दिवस टिकते. मुरमाड जमीन लवकर सुकते.

चौथी गोष्ट शाळांनी विशेष ध्यानात घ्यावी. आपली संमेलने, क्रीडास्पर्धा आणि २६ जानेवारीचे संचलन हे सगळे नेमके याच दिवसांत येते. जागी हरळी तुडवली तर आठवडाभरात भरून येते. निजलेल्या हरळीला जखम भरता येत नाही. म्हणून प्रार्थनेच्या रांगा दर आठवड्याला जागा बदलून लावा, खो-खोचे मैदान थोडे सरकवा, आणि कार्यक्रम संपताच सतरंज्या-ताडपत्र्या उचला. एकाच पायवाटेने सगळी शाळा गेली, की तिथल्या काशा उघड्या पडतात. मग उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखल, आणि मुलांचे गुडघे बारमाही फुटलेले.

या काळातला एक फायदाही सांगतो. हरळी पिवळी असताना चाकवत, पिवळा धोतरा असे तण हिरवे उठून दिसते. ते बी धरण्याआधी मुळासकट उपटा.

आता तुम्ही विचाराल, निजलेली आणि मेलेली ओळखावी कशी? एक काशी उकरून मोडून पाहा. आतून पांढरी, टणक, ओलसर असेल तर जिवंत. तपकिरी, पोकळ, ठिसूळ असेल तर गेली. वर्गात प्रयोगही करता येईल. जानेवारीत मातीसकट हरळीचे एक ढेकूळ काढून तळाला भोके पाडलेल्या डब्यात ठेवा. दिवसा उन्हात, रात्री वर्गात, आणि बेताचे पाणी. बाहेरची हरळी तशीच पिवळी असताना डब्यात दोन-तीन आठवड्यांत हिरवे कोंब दिसू लागतील. मुलांनी रोजच्या उष्णतेची नोंद ठेवली, तर पाठ्यपुस्तकातल्या पानभर मजकुरापेक्षा अधिक समजेल.

थंडी शिवरात्रीला जाते, असे जुनी माणसे म्हणतात. तिच्या सुमारास दाताळ्याने वाळका पाला विंचरून काढा, गवत खाली कापा, कुजलेल्या शेणखताचा पातळ थर पसरा आणि पाणी द्या. निम्मेअधिक गवत हिरवे झाले की मगच थोडे नत्र. पण उन्हाळ्यात पाण्याचा भरवसा नसेल, तर तिला उठवूच नका. पाण्याचा ताण पडला तरी हरळी अशीच निजते. जूनपर्यंत निजू द्या आणि उघडे पडलेले तुकडे पावसात काशा लावून भरा.

शेतकरी बंधूंना मात्र शेतातली हरळी नको असते. त्यांनाही हे ज्ञान उपयोगी आहे. काशांचे तुकडे करून ओल्या मातीत सोडले, तर पेरापेरातून नवी हरळी उठते. तीच काशी उन्हाळी खोल नांगरटीने वर आणून एप्रिल-मेच्या उन्हात वाळवली, तर मरते. बांधावरच्या हरळीला मात्र हात लावू नका. बांध खरवडला किंवा पेटवला, की मृगाचा पहिला जोराचा पाऊस उघड्या मातीवर पडतो आणि बांधाची माती ओढ्याला जाते. ती पुन्हा मिळत नाही.

तेव्हा या थंडीत काडी लावण्याआधी किंवा कुदळ मारण्याआधी एक काशी मोडून पाहा. आत पांढरे दिसले, तर कुदळ परत खोलीत ठेवा.