जोहरनंतरचे दोन तास

मे महिन्यात सोलापुरात दुपारी अडीच वाजता रस्त्यावर चिटपाखरू नसतं. अशा वेळी आमच्या मोहल्ल्यातल्या शादीखान्याच्या वरच्या मजल्यावर अकरा बायका आणि दोन निवृत्त गृहस्थ कागदावर रंग पसरवत बसलेले असतात. उन्हाळी चित्रकलेचा वर्ग म्हटलं की मुलंच डोळ्यांसमोर येतात. हा वर्ग मात्र मोठ्यांचा आहे. जोहरची नमाज आणि जेवण आटोपून यायचं, असरच्या आधी घरी परतायचं.

शिकवणारे सर शाळेतून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी त्यांनी कोणालाच कागद विकत आणू दिला नाही. जलरंगाला जाड कागद, तीनशे जीएसएमचा, लागतो आणि तो महाग. म्हणून जुन्या लग्नपत्रिका गोळा करायला सांगितल्या. शादीखान्यात त्यांना काय तोटा! चकचकीत बाजूवर रंग ठरत नाही, खरखरीत पाठच हवी. त्या पाठीवर आठवडाभर फक्त निळा रंग वरून खाली फिका करत आणायचा. आमच्याकडच्या कोरड्या उन्हात तेही अवघड. ब्रश दुसऱ्यांदा पाण्यात बुडेपर्यंत पहिला पट्टा वाळतो आणि मध्ये कडक रेघ उमटते. यावर सरांचा उपाय साधा : कागदाला मागून पाणी लावायचं आणि पंखा बंद. पंखा बंद म्हटल्यावर काय झालं असेल, ते सोलापूरकरांना सांगायला नको.

मला लिहायचं आहे ते एका खालांबद्दल. वय अठ्ठावन्न. शाळेत असताना त्यांनी एलिमेंटरीची परीक्षा दिली होती, 'अ' श्रेणी मिळाली होती. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सगळं आवडीचं. इंटरमीजिएटचा फॉर्म भरायच्या आधी लग्न ठरलं. चित्रं माहेरच्या फडताळात भांड्यांखाली अंथरली गेली. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, म्हणूनच मला जास्त लागलं.

वर्गाला यायचं म्हटल्यावर घरात अडचण आली ती वेगळीच. धाकटा मुलगा दीनदार. तो म्हणाला, "अम्मी, या वयात तस्वीर काढणार? गुनाह आहे." खालांनी वाद घातला नाही. मोहल्ल्यातल्या मौलानांकडे निरोप पाठवून विचारलं. मौलानांनी सहीह बुखारीतली रिवायत सांगितली. चित्रांवर पोट भरणारा एक माणूस हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आला होता. सजीवांची चित्रं बनवणाऱ्यांना होणाऱ्या अजाबाची हदीस ऐकून त्याचा चेहरा उतरला. तेव्हा इब्ने अब्बासांनी त्याला सांगितलं की बनवायचंच असेल तर झाडं बनव, ज्यात जीव नाही अशा वस्तू बनव. खालांना रस्ता मिळाला. मुलगाही गप्प झाला, निदान त्या दिवसापुरता.

वर्गात सगळ्यांचं यावर एकमत आहे असं नाही. एका चाचांना नातीचा चेहराच काढायचा आहे. ते म्हणतात, अलमेलकर आपल्याच सोलापूरचे, ए. ए. अलमेलकर, त्यांनी आयुष्यभर माणसं रंगवली, नाव कमावलं. हुसेन तर शेजारच्या पंढरपुरात जन्मलेले. सर या वादात पडत नाहीत. ज्याने त्याने आपल्या आलिमाला विचारावं आणि ब्रश धुऊन ठेवावेत, एवढंच त्यांचं म्हणणं. मला स्वतःला खालांची वाट बरी वाटते. ती सुरक्षित आहे म्हणून नव्हे, तिच्यात काम खूप आहे म्हणून. दमिश्कच्या उमय्या मशिदीत आठव्या शतकात भिंतींवर नुसती झाडं, नदी आणि घरं जडवली गेली. माणूस नाही, जनावर नाही. तरी ती भिंत ओकीबोकी वाटत नाही.

तिसऱ्या आठवड्यात कंपास निघाले. वर्तुळ काढायचं आणि त्याच त्रिज्येने परिघावर खुणा करत जायचं. बरोबर सहा खुणा बसतात. एक सोडून एक खूण जोडली की दोन त्रिकोण, म्हणजे सहा टोकांचा तारा. मग दोन चौरस एकमेकांवर फिरवून आठ टोकांचा. इथे सरांनी विचारलं, "हा कुठे पाहिलाय?" कोणीच बोलेना. विजापूरला सहलीला सगळे गेलेले, गोल घुमटात सगळ्यांनी हाका मारून प्रतिध्वनी ऐकलेला. पण मान वर करून कमानी कोणी पाहिल्या नव्हत्या. खालचा चौकोनी दिवाणखाना वरच्या गोल घुमटाला जोडणाऱ्या त्या कमानी एकमेकींत गुंतून हाच तारा बनवतात. 1656च्या सुमाराचं ते बांधकाम. "आवाजच ऐकत बसलो की आपण," एक आपा म्हणाल्या आणि सगळे हसले.

खालांचा तारा पहिल्यांदा बिघडला. कंपासचं टोक अर्ध्या मिलिमीटरने सरकलं की शेवटची खूण चुकते. त्यांनी पाच वेळा काढला. सहाव्या वेळी तो जुळला, तेव्हा त्या बराच वेळ नुसत्या बघत बसल्या. मग त्यात निळा भरला, वरून खाली फिका करत.

पुढच्या आठवड्यात लगोलग तीन लग्नं आहेत, त्यामुळे वर्गाला सुट्टी. जाताना खालांनी सरांकडे घरी नेण्यासाठी कंपास मागितला. मुलाच्या दप्तरातला जुना आहे, पण त्याचा स्क्रू ढिला झाला आहे. आणि तो कसायला मुलालाच सांगावं लागणार, असं म्हणत त्या जिना उतरल्या.